काकूंनी विझू न दिलेला कॉम्प्युटर

दसरा झाला की दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात कुंकवाचे पेशंट यायला लागतात.

मी नांदेडात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. आमच्याकडे खंडेनवमीला आणि दसऱ्याला घरातल्या प्रत्येक कामाच्या वस्तूची पूजा होते. कोयता, शिलाई मशीन, ट्रॅक्टर, तराजू, सगळ्यांना हळदकुंकू. मग कॉम्प्युटरनं काय पाप केलंय? पूजा करणारा माणूस डब्यासमोर उभा राहतो आणि कुंकू कुठं लावावं याचा विचार करतो. समोरच त्याला दोन छोटी, आडवी, चौकोनी भोकं दिसतात. देवानं ती खास आपल्या करंगळीसाठीच केली आहेत अशी त्याची खात्री पटते. एका भोकात हळद, एका भोकात कुंकू, वरून अक्षता. झाली पूजा. तिथं पुन्हा पेनड्राइव्ह जाईल तर शप्पथ.

एका गृहस्थांनी तर सीडीचा ट्रे बाहेर आला तो विडा ठेवायचा पाट समजून त्यावर पानसुपारी मांडली, आणि देवानं नैवेद्य आत ओढून घेतला म्हणून हात जोडले. ती सुपारी अजून आत आहे. डबा हलवला की वाजते. मी काढतो म्हणालो तर म्हणाले, "राहू द्या, तेव्हापासून धंदा बरा चाललाय."

म्हणून माझ्या टेबलावर बारा महिने सुई, मऊ ब्रश आणि स्पिरिटची बाटली असते. या तीन हत्यारांवर माझी अर्धी कीर्ती उभी आहे. उरलेली अर्धी लिनक्सवर आहे. त्याची गोष्ट सांगायला बसलो आहे, पण आधी ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं.

कॉम्प्युटर म्हणजे नुसतं लोखंड आणि तारा. तो चालवणारी जी सिस्टीम असते ती म्हणजे लग्नघरातला कारभारी. आचारी आला, बँडवाले आले, मांडव पडला, पण कारभारी नसेल तर नवरदेव बोहल्यावर आणि भटजी बसस्टँडवर. आता होतं काय, विकत मिळणाऱ्या कारभाऱ्याची नवी आवृत्ती जुन्या घरात यायला तयार नसते. तुमचं घर लहान, तुमच्या भिंती जुन्या, मी नाही येत म्हणते. यंत्र धडधाकट असतं, फक्त कारभारी रुसलेला. अशा घरांत मी लिनक्स बसवतो.

लिनक्स म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला समजवायला तासभर लागेल. नांदेडकराला एक शब्द पुरतो: लंगर. कोणीही या, पंगतीला बसा, पोटभर जेवा, कोणी नाव विचारत नाही. आणि मनात आलं तर उठून आत जा, पोळ्या लाटायला बसा. मुक्त सिस्टीम तशी असते. जगभरचे लोक ती मिळून करतात, आणि कशी केली तेही उघडं ठेवतात. तुम्ही ती घ्या, वापरा, आवडली नाही तर बदला, बदललेली पुढं द्या.

पण फुकट म्हटलं की आपली माणसं बिथरतात. एक रिटायर्ड तलाठी भाऊसाहेब माझ्याकडं संशयानं बघत म्हणाले होते, "याचा सातबारा कोणाच्या नावावर हाय?"

"सगळ्यांच्या," मी म्हणालो.

"म्हणजे गायरान."

मी विचार केला आणि म्हणालो, "हाव. गायरान."

"मग अतिक्रमण होणार," असं म्हणून भाऊसाहेब उठून गेले.

दुसरी भानगड अशी की लिनक्स एक नसतं. आत जाऊन पोळ्या लाटायची मुभा सगळ्यांना, त्यामुळं ज्यानं त्यानं आपापल्या चवीची सिस्टीम करून ठेवलेली. गिऱ्हाईक विचारतं, चांगली कोणती? मी कधीच सांगत नाही. सून आणि सिस्टीम यांची शिफारस करणाऱ्याला जन्मभर बोलणी खावी लागतात. मी तीन पेनड्राइव्ह ठेवतो. लाल, हिरवा, निळा. प्रत्येकात एक निराळी सिस्टीम. तूप घेताना आपण मनगटाच्या मागं चोळून वास घेतो ना, तसं. पेनड्राइव्ह लावायचा, कॉम्प्युटर सुरू करायचा, सिस्टीम तिथूनच चालते. दोन दिवस लाल बघा, दोन दिवस हिरवा, दोन दिवस निळा. पसंत पडेल ती कायमची बसवू. एकच अट. चाखायच्या काळात त्यात काही ठेवायचं नाही. कारण ते सगळं पाटीवर लिहिल्यासारखं असतं. कॉम्प्युटर बंद झाला की पाटी कोरी.

हे मी प्रत्येकाला सांगतो. वैजनाथ अप्पांनाही सांगितलं होतं.

वैजनाथ अप्पा मूळचे उदगीरचे. लातुरात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, ते मुलाच्या हवाली करून विष्णुपुरीच्या बाजूला बांधलेल्या घरात राहायला आले. उंच, गोरे, कपाळावर भस्म आणि आवाज असा की पाणी मागितलं तरी शेजारच्या गल्लीत तांब्या भरला जायचा. त्यांच्या पत्नी शांताकाकू इस्लापूरच्या. बुटक्या, चपळ, आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा. उदगीर आणि इस्लापूर यांचं लग्न कसं जुळलं हे मी विचारलं होतं. अप्पा म्हणाले, "भांडी घ्यायला आली होती. घासाघीस करता करता मीच गेलो."

त्यांच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली होती. खट खट करत होती, मग तेही बंद झालं. मी ती काढून दुकानात आणली आणि नवी येईपर्यंत लाल पेनड्राइव्ह लावून दिला. अट सांगितली. अप्पा तेव्हा आरशात बघून भस्म सारखं करत होते. काकू मात्र नीट ऐकत होत्या. ऐकून म्हणाल्या, "बंद केला का सगळं जाते?"

"हो."

"आन बंद नाही केला तर?"

"तर राहतं. पण..."

"कळलं," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, कळलं. निघालो.

नवी डिस्क यायला उशीर झाला. मधे घट बसले, नवरात्र सुरू झालं. अष्टमीच्या दुपारी डिस्क आणि हिरवा पेनड्राइव्ह घेऊन मी अप्पांच्या घरी पोचलो. दारातच काकूंनी चपला काढायला लावल्या, पाय धुवायला लावले. मला वाटलं, घट बसलेत म्हणून. आत कोपऱ्यात घट होताच. परडीतलं धान तरारून आलेलं, शेजारी अखंड दिवा. आणि दुसऱ्या कोपऱ्यात कॉम्प्युटर. त्याच्याजवळ टेबलफॅन लावलेला, वारा डब्यावर. समोर अप्पा पाटावर मांडी घालून एका बोटानं टाइप करत होते.

"या सुधाकरराव!" अप्पा गरजले. "लई झकास सिस्टीम हाय. मराठी तर अशी उमटते, व्वा!"

"छान. आता हिरवी बघू," असं म्हणत मी बटणाकडं हात नेला.

"हात नोका लावू!"

काकूंचा आवाज अप्पांपेक्षा मोठा असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. घटाजवळचा दिवासुद्धा दचकला.

"काय झालं काकू?"

"तुम्हीच तं सांगितलं, बंद केला का सगळं जाते. म्हणून मी बंदच नाही केला. तुम्ही लावून गेले तवापासून चालूच आहे. आमच्या माहेरी घटाचा दिवा नऊ दिस विझू देत नाही. एक जण सतत जवळ. तसंच करून राहिलो. मी दिव्यापाशी आहे तवा हे कॉम्प्युटरपाशी, हे जेवून राहिले का मी दोघांपाशी."

मी धंद्यात आल्यापासून ही अट किती लोकांना सांगितली असेल. तिच्यातून हा निष्कर्ष काढणारी बाई मला पहिल्यांदाच भेटली. आणि निष्कर्षात चूक काढायला जागा नव्हती.

"पण आत ठेवलंय काय एवढं?" मी विचारलं.

अप्पा उभे राहिले. त्यांनी उपरणं खांद्यावर घेतलं.

"नाटक," ते म्हणाले. "तीन अंकी. 'एका फांदीचा खून'. कोजागरीला कॉलनीच्या मंडळात करायचंय. पोरं पाठांतराला थांबलीत. कच्चं बिच्चं काही न्हाई, डोक्यातून डायरेक्ट यात. आयुष्यभर भांडी विकली सुधाकरराव. पण मनात नाटकच होतं. आता उतरलंय."

मी पडद्याकडं बघितलं. पानांमागून पानं. माणसाच्या आयुष्यातलं एकमेव नाटक, आणि ते सगळं पाटीवर. एक झटका बसला की साफ.

घाबरायचं कारण नव्हतं. दुसरा पेनड्राइव्ह लावायचा, नाटक त्यात उतरवायचं, संपलं. मी डब्याच्या मागं डोकावलो. कीबोर्ड-माउसच्या गोल पिना सोडल्या तर मागं दोन भोकं. एकात माझा लाल पेनड्राइव्ह, तो काढला तर सिस्टीमच कोसळणार. दुसरं भिंतीच्या ओलीनं गंजून हिरवं पडलेलं. सीडीचा ट्रे उघडतच नव्हता, घरात इंटरनेट नव्हतं. राहिली समोरची दोन. मी वाकून बघितलं आणि मला हसावं की रडावं कळेना.

एकात हळद. एकात कुंकू. मागच्या दसऱ्याची.

"काकू, हे तुम्ही?"

"मग काय त्याला कोरडाच ठिवू?"

मी सुई काढली. स्पिरिट काढलं. मोबाइलचा टॉर्च लावून तो दातांत धरला आणि पोटावर आडवा झालो. चालू कॉम्प्युटरच्या भोकातून कुंकू काढणं म्हणजे झोपलेल्या मांजराच्या कानातलं गोचीड काढण्यासारखं काम. सुई जरा इकडं तिकडं झाली तर तारेला तार लागून सगळंच बंद. पहिली अक्षता बाहेर आली आणि त्याच क्षणी पंखा थांबला.

लाईट गेली.

पडदा चालू होता, कारण खाली बॅटरीचा डबा होता. पण तो डबा आता कुईं, कुईं असा ओरडायला लागला. म्हातारी बॅटरी. माझ्या अनुभवानं पाच-दहा मिनिटांची पाहुणी.

"डिपी उडाली बघा!" बाहेरून कोणीतरी ओरडलं. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच गेला, लाईट लवकर येणार नव्हती.

"फोटो काढा! पानाचे फोटो काढा!" मी दातांत टॉर्च धरून जे बोललो ते कसंबसं काकूंना कळलं. त्यांनी आपला फोन आणला. दोन पानं झाली आणि फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. भरला होता शुभ सकाळच्या चित्रांनी. गुलाब, सूर्योदय, देव, कपबशी, परत गुलाब.

"पुसा ते!"

"देवाचे कसे पुसू?"

"फोटो नकोच!" अप्पा मधेच कडाडले. "फोटो मेलेल्या माणसाचा लावतात भिंतीला. माझं नाटक जितं हाय! परत टाइप करायला मला दिवाळी उजाडंल, मग कोजागरीला काय हालगी वाजवू?"

कुईं. कुईं.

"ह्या कॉलनीत कोणाकडं लाईट असेल का आत्ता?" मी विचारलं.

  काकूंनी खिडकीकडं बघितलं. अप्पांनी तोंड फिरवलं.

खिडकीबाहेर कंपाउंडची भिंत होती. भिंतीजवळ अप्पांच्या अंगणातला शेवगा. त्याची एक मोठी फांदी बुंध्यापासून तोडलेली, नुसतं थोटूक राहिलेलं, त्याला कोवळा धुमारा फुटलेला. आणि थोटकाच्या बरोबर पलीकडं, शेजारच्या गच्चीवर, उन्हात चकाकणाऱ्या सोलरच्या पाट्या.

नाटकाचं नाव मला आता उलगडलं.

बाकीचं मला नंतर कळलं. शेजारी गंगाधरराव. लाईटच्या ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांनी गच्चीवर सोलर बसवलं, खाली बॅटऱ्या ठेवल्या, आणि अप्पांच्या शेवग्याची सावली पाट्यांवर पडते म्हणून, अप्पा लातूरला गेले असताना ती फांदी उतरवली. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. नाटकातला खलनायक सूर्याजीराव दर अंकात एक फांदी तोडतो आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी स्वतःच्याच सोलरचा शॉक लागून तडफडून मरतो.

"त्याच्या दारात मी जाणार न्हाई," अप्पा म्हणाले. "नाटक मेलं तरी चालंल."

काकूंनी वाद घातला नाही. त्या खिडकीत गेल्या.

"भाऊजी! ओ गंगाधर भाऊजी! वायर फेका एक इकडं!"

पलीकडं धोतर वाळत घालणारे गंगाधरराव दिसले. "कशाला हो वैनी?"

"यांचं नाटक मरून राहिलं!"

"नाटक? कोणाचं नाटक?"

"लिहिलं यांनी. आहे तुमच्यावर."

मी टॉर्च गिळता गिळता वाचलो. अप्पांनी भिंतीला कपाळ टेकलं.

धोतर तसंच दोरीवर टाकून गंगाधरराव आत गेले. मग पिवळी, लांबलचक वायर शेवग्याच्या त्या थोटकावरून सरसरत आली आणि खिडकीतून आत पडली. काकूंनी तिच्यात बॅटरीच्या डब्याची पिन खोचली. कुईं कुईं थांबलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'एका फांदीचा खून' आता त्या खुन्याच्या विजेवर चालू होतं.

मी परत सुई हातात घेतली. तेवढ्यात दारात चपला वाजल्या. गंगाधरराव स्वतः. काळे, शिडशिडीत, डोळ्यांवर जाड भिंगं. पाय धुऊन, घटाला नमस्कार करून, कोणाकडंही न बघता ते पाटावर जाऊन बसले.

"वीज माझी आहे," ते म्हणाले. "माझ्या विजेवर काय चाललंय ते मी बघणार."

अप्पा भिंतीशी म्हणाले, "काकू, त्यास्नी सांगा, खासगी हाय."

स्वतःच्या बायकोला काकू म्हणण्याइतकी त्यांची तारांबळ उडाली होती.

"बटण माझ्या घरी आहे," गंगाधरराव म्हणाले. "आमच्या हिला सांगून आलोय. मी खिडकीतून हात केला की ती बंद करणार. वाचू का नको?"

 गंगाधररावांनी वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. अंक पहिला, प्रवेश पहिला. सूर्याजीराव हातात कुऱ्हाड घेऊन येतो, विकट हसतो.

"कुऱ्हाड नव्हती," गंगाधरराव म्हणाले. "करवत होती. लाईटमधला माणूस झाडाला कुऱ्हाड लावत नसतो. खामखा बदनामी. करवत करा."

"न्हाई करणार," अप्पा भिंतीशी.

गंगाधररावांनी खिडकीकडं हात उचलला.

"करतो!" अप्पा ओरडले, आणि एका बोटानं करवत केली.

इकडं मी पोटावर. अक्षता दोन निघाल्या, कुंकवाचा खडा सुटत नव्हता. वर सेन्सॉर बसलं होतं. सूर्याजीरावाला तोतरा केला होता, तो सरळ बोलता झाला. सूर्याजीरावाची मिशी कायम राहिली, ती त्यांना पसंत पडली. दुसऱ्या अंकात सूर्याजीराव शेवग्याच्या शेंगा चोरतो. "हे बरोबर आहे," गंगाधरराव हळूच म्हणाले आणि पुढं गेले. काकूंनी पदर तोंडाला लावला. मला नंतर कळलं, शेंगा चोरीच्या नव्हत्या. काकूच भिंतीवरून देत होत्या, भांडण चालू असताना सगळा काळ.

तिसरा अंक आला. सूर्याजीरावाला शॉक लागतो.

"हे नाही चालणार," गंगाधररावांनी चष्मा काढला. "मी जन्म काढला तारांत. मला शॉक लागत नाही. खात्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. बदला."

"तो मेलाच पाहिजे," अप्पा म्हणाले. आता ते भिंतीशी नाही, सरळ बोलत होते. "नाटकाचा जीव हाय त्यात. त्याच्याशिवाय तीन अंक कशाला लिहिले?"

"मग सापानं मारा. कशानंही मारा. शॉकनं नाही."

"फांदी तुटली सोलरपायी, माणूस मरणार सोलरनं! न्याय हाय तो!"

"हात करू का?"

त्याच क्षणी कुंकवाचा खडा सुटला. मी ब्रश फिरवला, स्पिरिट सुकू दिलं, पेनड्राइव्ह लावला. लाल दिवा लुकलुकला. जोडणी झाली. मी उठून गंगाधररावांच्या खांद्यावरून हात घालून नाटक त्यात उतरवलं. दोनदा तपासलं. मग अप्पांच्या कानात सांगितलं, "झालं. आता वीज गेली तरी काही जात नाही."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग गंगाधररावांकडं. मोकळे झाले होते ते. आता 'ओढा तुमची वायर' म्हणून त्या माणसाला घराबाहेर काढता आलं असतं. आवाज तर तयारच होता, छाती फुगलेली मला दिसली.

गंगाधरराव मान खाली घालून वाचत होते. ओठ हलत होते. एका वाक्यावर थांबले, परत वाचलं. तोडलेल्या फांदीवर बसायला आलेला पोपट जागा सापडत नाही म्हणून घिरट्या घालतो, ते वाक्य.

"हे चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "येत होता पोपट. मी बघितलाय."

अप्पांची छाती हळूहळू खाली बसली.

"पुढं वाचा," ते म्हणाले. "काकू, अगं, शांता, चहा टाक. दोन."

मग माझ्याकडं लक्ष गेलं. "तीन."

घट उठेपर्यंत काकू कॉम्प्युटर बंद करू देईनात, म्हणून दसऱ्याला मी परत गेलो. काकूंनी घट उठवला, मग कॉम्प्युटरसमोर आल्या. आपल्या हातानं बटण दाबून तो बंद केला आणि अक्षता उचलल्या. मी झडप घालून समोरची दोन्ही भोकं तळव्यांनी झाकली. अक्षता माझ्या हातांवर पडल्या. मी डिस्क बसवायला डबा उघडला.

"आता सांगा," मी म्हणालो, "कोणती बसवू? लालच बघितलीय. हिरवी आहे, निळी आहे."

"नवरात्रात बसवलेली देवी कोणी बदलते का?" काकू म्हणाल्या.

हजार सिस्टिमी आहेत जगात, आणि त्यातून निवडीची इतकी पक्की कसोटी मला कोणीच दिलेली नव्हती. लाल बसवली. नाटक आत ठेवलं. मग धंद्याचा नियम सांगितला: एक प्रत घरात, आणि एक दुसऱ्या कोणाच्या घरात ठेवायची. आग लागो, पूर येवो, एक वाचते.

"दुसऱ्या कोणाच्या?" अप्पांनी विचारलं. आणि तिघंही खिडकीबाहेर बघायला लागलो. पिवळी वायर अजून थोटकावरच होती. कोणी ओढून घेतली नव्हती.

अप्पा स्वतः भिंतीपर्यंत गेले. पेनड्राइव्ह गंगाधररावांच्या हातात ठेवला. मी ऐकत होतो.

"सांभाळा. आणि हात लावू नका आत."

"ते मुक्तवालं आहे ना?" गंगाधरराव म्हणाले. "तुमचे इंजिनिअर सांगत होते. घ्या, बदला, पुढं द्या."

"ती सिस्टीम. नाटक न्हाई!"

"असं कुठं लिहिलंय?"

कोजागरीला मंडळापुढं दोन प्रती आल्या. अप्पांच्या प्रतीत सूर्याजीराव शॉक लागून मरतो. गंगाधररावांच्या प्रतीत तो शेवग्याचं रोप लावतो, पाट्यांपासून मोजून लांब. बाकी नाटक अक्षरन् अक्षर सारखं, करवतीसकट. मंडळाचे लोक चक्रावले. मला बोलावणं आलं, खरी प्रत कोणती?

मी माझ्या सवयीप्रमाणं शिफारस केली नाही. म्हणालो, दोन्ही चालवून बघा. पसंत पडेल ती बसवा.

दोन्ही शेवट झाले. एकामागोमाग एक. सूर्याजीरावाचं काम गंगाधररावांनीच केलं. पहिल्या शेवटात ते इतके सुंदर तडफडले की अप्पा विंगेतून ओरडले, "पुन्हा!" आणि गंगाधरराव पुन्हा मेले. दुसऱ्या शेवटाला रोप लावायचं होतं, ते आणायचं राहूनच गेलं होतं. काकू उठल्या, चांदण्यात अंगणात गेल्या, आणि थोटकाला फुटलेली हातभर कोवळी फांदी कराकरा मोडून घेऊन आल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. "नाहीतरी परत तुमच्या पाट्यांवर गेलीच असती."